हिरड्यांच्या आजारावर खरंच काय उपयोगी पडतं? वैद्यकीय संशोधन घरबसल्या कसं शोधायचं

हिरड्यांतून रक्त येणं, तोंडाला वास येणं, दात हलणं. आपल्या घरांत याला बऱ्याचदा आजार समजतच नाहीत. "वय झालं, आता दात जाणारच," असं म्हणून विषय संपतो. मग कधीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: अमुक तेल लावा, तमुक मंजन घासा, पायोरिया मुळापासून जाईल. खाली लिहिलेलं असतं, "संशोधनाने सिद्ध". कुठलं संशोधन, किती लोकांवर, किती दिवस, ते काहीच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. एवढ्या मोठ्या आजारावर संशोधनही भरपूर झालेलं आहे आणि त्यातलं बरंचसं कुणालाही फुकट बघता येतं. पालीसारख्या गावातही मोबाईलला रेंज असली आणि घरात नववी-दहावीतली, इंग्रजी वाचू शकणारी एखादी मुलगी किंवा मुलगा असला, की काम भागतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने देत आहे.

आधी आजाराचं नाव नीट घ्या

आपण सगळ्यालाच "पायोरिया" म्हणतो. डॉक्टर मात्र दोन टप्पे करतात. पहिला जिंजिव्हायटिस: हिरड्या लाल होतात, सुजतात, ब्रश केला की रक्त येतं. हा टप्पा नीट सफाई केली तर पूर्ण बरा होऊ शकतो. दुसरा पेरिओडोन्टायटिस: हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोल खाच पडते, तिला "पॉकेट" म्हणतात. दात धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. निरोगी हिरडीत ही खाच साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. त्याहून खोल गेली की काळजी घ्यावी लागते. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही, पण आजार थांबवता येतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या टप्प्यावर जे चालतं ते दुसऱ्यावर चालेलच असं नाही. जाहिराती आणि फॉरवर्ड मेसेज नेमके इथेच फसवतात.

क्लिनिकल ट्रायल म्हणजे काय?

"माझ्या मामूला फरक पडला" हा अनुभव झाला. क्लिनिकल ट्रायल म्हणजे माणसांवर ठरवून, मोजमाप करून घेतलेली चाचणी. चांगल्या ट्रायलमध्ये लोकांचे दोन गट करतात. कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर ठरतं, डॉक्टरच्या मर्जीवर नाही. एका गटाला नवा उपचार, दुसऱ्याला नेहमीचा. मग दोघांची तुलना. शक्य तिथे तपासणाऱ्या डॉक्टरलाही कोण कुठल्या गटातलं ते सांगत नाहीत, म्हणजे मोजताना मन झुकत नाही.

एकाच प्रश्नावर झालेल्या सगळ्या ट्रायल शोधून, त्यांचा दर्जा तपासून एकत्र हिशोब मांडतात, त्याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. असा रिव्ह्यू मिळाला तर आधी तो वाचावा.

शोधायची तीन ठिकाणं

पहिलं पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही यादी आहे. जगभरच्या साडेतीन कोटींहून जास्त वैद्यकीय लेखांची नोंद तिच्यात आहे. बहुतेक लेखांचा सारांश फुकट वाचता येतो, काहींचा पूर्ण लेखही. मात्र पबमेडवर लेख आहे म्हणजे तो खरा किंवा चांगला आहे असा शिक्का नव्हे. ते ग्रंथालय आहे, तिथे सगळ्या दर्जाची पुस्तकं असतात.

दुसरं कॉक्रेन लायब्ररी. कॉक्रेन ही संस्था १९९३ मध्ये सुरू झाली आणि ती सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच करते. प्रत्येक रिव्ह्यूसोबत सोप्या भाषेतला सारांश असतो, तो फुकट आहे. सामान्य माणसाने सुरुवात इथून करावी.

तिसरं आपलं भारतीय: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया, म्हणजे सीटीआरआय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ती जुलै २००७ मध्ये सुरू केली. कुठल्या दवाखान्यात कुठली ट्रायल होणार आहे किंवा चालू आहे, त्यात कुणाला घेणार, कुणाला नाही, पैसा कुणाचा, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं.

शोध कसा घालायचा

आधी प्रश्न पूर्ण वाक्यात वहीत लिहा. "हिरड्यांवर काय चांगलं?" हा प्रश्न फार मोठा झाला. "शुगर असलेल्या माणसाच्या हिरड्यांची सफाई केली तर शुगर कमी होते का?" हा शोधता येण्यासारखा प्रश्न आहे. त्यात चार गोष्टी हव्यात: माणूस कोण, उपचार कुठला, तुलना कशाशी, मोजायचं काय.

शोध इंग्रजीत घालावा लागतो आणि बोलीतल्या शब्दापेक्षा डॉक्टरी शब्द जास्त कामाला येतो. जिंजिव्हायटिसचं स्पेलिंग: जी-आय-एन-जी-आय-व्ही-आय-टी-आय-एस. पेरिओडोन्टायटिसचं: पी-ई-आर-आय-ओ-डी-ओ-एन-टी-आय-टी-आय-एस. दोन शब्द जोडताना मध्ये "अँड" मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये, लिहायचं. उदाहरणार्थ, पेरिओडोन्टायटिस अँड डायबेटिस. दोन नावांपैकी कुठलंही चालणार असेल तर मध्ये "ऑर", तेही कॅपिटलमध्ये. हळद शोधताना "टर्मेरिक ऑर करक्यूमिन" कंसात घालून पुढे "अँड जिंजिव्हायटिस" लिहायचं.

पहिल्या फटक्यात हजारो लेख येतील, घाबरू नका. पबमेडवर फिल्टर असतात. तिथे "रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल" निवडलं की फक्त चिठ्ठी पद्धतीच्या ट्रायल उरतात. "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू" निवडलं की एकत्रित हिशोब उरतात. "फ्री फुल टेक्स्ट" निवडलं की पूर्ण फुकट वाचता येणारे लेख उरतात. लेखावर "रिट्रॅक्टेड" लिहिलेलं असेल तर तो मागे घेतलेला आहे, सोडून द्या.

तीन प्रश्न, तीन उत्तरं

हळद: पुण्याच्या भारती विद्यापीठ दंत महाविद्यालयातली ट्रायल २०११ मध्ये छापून आली. १०० जणांवर हळदीचं माउथवॉश आणि दवाखान्यात देतात ते क्लोरहेक्सिडीन यांची २१ दिवस तुलना केली. हिरड्यांची सूज दोन्हींनी कमी झाली, दातांवरचा चिकट थर कमी करण्यात क्लोरहेक्सिडीन पुढे राहिलं. निष्कर्ष काय निघाला? ब्रशच्या जोडीला हळदीचं माउथवॉश मदत करू शकतं. "हळदीने पायोरिया बरा होतो" असं ही ट्रायल म्हणत नाही. तिने पॉकेट आणि हाडाचा प्रश्न घेतलेलाच नव्हता.

मिसवाक: मिसवाक सुन्नत आहे, ती करायला कुणाला ट्रायलची गरज नाही. पण "मिसवाकने हिरड्यांचा आजार जातो का" हा वैद्यकीय प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तसंच शोधायला हवं. २००३ मध्ये सौदी अरेबियातल्या १५ पुरुषांवर झालेली ट्रायल सापडते. आधी वापरायची पद्धत नीट शिकवली, मग तेच लोक मिसवाक आणि ब्रश आळीपाळीने वापरून पाहिले. थर आणि सूज कमी करण्यात मिसवाक ब्रशपेक्षा सरस ठरली. गोष्ट आनंदाची, पण माणसं १५ होती, २१ ते ३६ वयाची, निरोगी. साठीच्या, दात हलणाऱ्या अब्बांना हे उत्तर जसंच्या तसं लागू होत नाही. मिसवाक जरूर करावी, आतल्या बाजूचे दात सोडू नयेत, आणि दात हलत असतील तर सोबत डॉक्टरलाही दाखवावं.

शुगर: आपल्या कुटुंबांसाठी सर्वांत मोलाचं उत्तर इथे आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतली ५१४ जणांची ट्रायल छापून आली. हिरड्यांच्या उपचाराने शुगर कमी झाली नाही, असं तिचं म्हणणं. २०१८ मध्ये लंडनची २६४ जणांची ट्रायल आली. तिथे जोमाने उपचार केलेल्या गटाची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, वर्षभरानंतर दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने कमी होती. आता खरं कुणाचं मानायचं? रिव्ह्यू लागतो तो इथेच. कॉक्रेनने २०२२ मध्ये ३५ ट्रायल, ३,२४९ लोक एकत्र धरून हिशोब मांडला. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ ने कमी. म्हणजे ८ असलेली साधारण ७.६ वर. गोळ्या बंद करण्याइतका हा फरक नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या. पण ज्या घरात अम्मीची शुगर आटोक्यात येत नाही, तिथे हिरड्या तपासून घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

आणि हा उपचार म्हणजे काय? बहुतेक ट्रायलमध्ये तोच, ज्याला आपण घाबरतो: स्केलिंग, म्हणजे दातांची आणि मुळांची खोल सफाई. "दात साफ केले की दात हलतात" हा समज घराघरांत आहे. दात आजाराने सैल झालेले असतात, कीटण निघालं की ते जाणवतं इतकंच.

वाचताना हे विचारा

माणसं किती होती? १५ आणि ३,२४९ यात फरक आहे.

किती दिवस पाहिलं? हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षांचा असतो, २१ दिवसांत त्याची सुरुवात कळते.

कुणाला घेतलं नाही? अनेक ट्रायल तंबाखू खाणारे, बिडी ओढणारे, शुगरवाले वगळतात. आपल्याकडे बायका मिश्री लावतात, पुरुष तंबाखू मळतात. त्यांच्यासाठी निकाल वेगळा असू शकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्तही कमी येतं, म्हणून आजार झाकला जातो.

मोजलं काय? थर, सूज, रक्त, की पॉकेटची खोली?

पैसा कुणी दिला? टूथपेस्ट कंपनीने दिला म्हणून निकाल खोटा ठरत नाही, पण माहीत असावं.

ट्रायलमध्ये भाग घ्या म्हटलं तर

दंत महाविद्यालयात गेल्यावर असं विचारलं जाऊ शकतं. सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. त्यात वर्ष आणि महिना असतो, तो टाकून घरी बघता येतं. संमतीपत्र आपल्याला समजेल त्या भाषेत मिळायला हवं आणि त्याची प्रत आपल्याकडे राहायला हवी. नाही म्हटलं तरी नेहमीचा उपचार मिळतोच, आणि मध्येच सोडण्याचाही हक्क आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांत मोफत उपचाराची आणि भरपाईची तरतूद आहे. तारखाही आधी विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला दिवाळीनंतर चार-पाच महिने तपासणीला येता येणार नसेल तर ते तिथेच स्पष्ट सांगावं.

शोधून सापडलेलं घेऊन स्वतःच औषध सुरू करू नका. लेखाचं नाव किंवा पबमेडचा क्रमांक वहीत लिहा आणि डॉक्टरला दाखवून विचारा, "हे आमच्या अम्मीला लागू होतं का?" पाली आणि आसपासच्या गावांसाठी बीडचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे. मोठ्या उपचाराला औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. आणि पुढच्या वेळी "संशोधनाने सिद्ध" असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: कुठली ट्रायल, किती लोक, किती दिवस?