फाल्गुन बदी नवमी, अनुराधा

आजची गोष्ट आमच्या घरातली आहे. पण ती जबलपूरची असल्यामुळे इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, बनारसच्या मराठी घरांत अशीच एखादी निघाली तर मला नवल वाटणार नाही.

माझे पणजोबा जबलपूरला वारले. पणजी त्याआधीच गेली होती आणि आजोबा जेमतेम चार वर्षांचे होते. मावशीने त्यांना पुण्याला आणलं. सामानासोबत एक वही आली. तिच्यात शेजारच्या कुणीतरी नोंद करून ठेवली होती: 'फाल्गुन बदी 9, अनुराधा'. संवताचा आकडा ज्या कोपऱ्यात होता, तो वाळवीने खाल्लेला. आजोबा मोठे झाल्यावर त्यांनी ही नोंद वाचली आणि फाल्गुन वद्य नवमीला वडिलांचं श्राद्ध करायला सुरुवात केली. त्यांच्यामागे काकांनी तेच चालू ठेवलं. 'अनुराधा'कडे कुणी लक्षच दिलं नाही. काकांना तर ते नोंद लिहिणाऱ्या बाईचं नाव वाटायचं!

मध्यंतरी महाशिवरात्रीला मी जबलपूरला होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्यांच्या स्वयंपाकघरात तिथलंच लाला रामस्वरूप यांचं पंचांग टांगलेलं. त्यात त्या दिवसासमोर फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. माझ्या पिशवीत सोलापूरचं दाते पंचांग, त्यात माघ वद्य चतुर्दशी. रात्र तीच, चंद्र तोच, महिना मात्र वेगळा. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण भिंतीवरचं ते पान पाहताना वही आठवली आणि पोटात गोळा आला.

कारण साधं आहे. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, म्हणून तो अमान्त. उत्तरेकडचा पौर्णिमेला संपतो, म्हणून पूर्णिमान्त. शुद्ध पक्षात दोघांचं एकच नाव असतं. वद्य पक्ष आला की ते लोक पुढच्या महिन्यात गेलेले असतात आणि आपण अजून मागच्यातच. म्हणजे शेजाऱ्याने लिहिलेली 'फाल्गुन बदी नवमी' ही आपली माघ वद्य नवमी असू शकते. पण शेजारी मराठी असला तर? जबलपूर 1798 पासून जवळजवळ वीस वर्षं नागपूरकर भोसल्यांकडे होतं, तिथे मराठी घरं जुनी आहेत. 'बदी' हा शब्द हिंदीकडे बोट दाखवतो, पण तेवढ्यावर श्राद्धाची तिथी हलवायची कशी?

इथे अनुराधा कामाला आली.

चंद्र आकाशाची एक फेरी सुमारे 27.3 दिवसांत पुरी करतो. म्हणून त्या वाटेचे 27 भाग केले, प्रत्येक 13 अंश 20 कलांचा. हीच नक्षत्रं. चंद्र साधारण एक दिवस एका नक्षत्रात मुक्काम करतो. महिन्यांची नावंही यांच्यावरूनच आली: चित्रेच्या आसपास चंद्र पूर्ण होतो तो चैत्र, मघेच्या आसपास होतो तो माघ. पण पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत 29.5 दिवस जातात, कारण तेवढ्यात सूर्यही पुढे सरकलेला असतो. त्यामुळे दर महिन्याला तीच तिथी दोनेक नक्षत्रं पुढे जाते. महिन्याला नाव काहीही द्या, चंद्र कुठे उभा आहे ते बदलत नाही.

आता हिशेब करू. माघ पौर्णिमेला चंद्र मघेच्या जवळपास. तिथून नवमीपर्यंत तो आठेक नक्षत्रं चालतो, म्हणजे अनुराधा, ज्येष्ठा किंवा मूळ. आपल्या फाल्गुन वद्य नवमीला तो मूळ, पूर्वाषाढा, उत्तराषाढा यांच्यात असतो. तिथे अनुराधा येऊच शकत नाही. साल नसतानाही प्रश्न सुटला. पणजोबा माघ वद्य नवमीला गेले.

हीच युक्ती इतिहाससंशोधक वापरतात, आणि तिचा मोठा वापर जबलपूरच्या वेशीवरच झालाय. भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचं गाव लागतं, तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. त्यांच्या लेखांत त्यांचा स्वतःचा संवत आहे, पण तो कधी सुरू झाला हे लेख सांगत नाहीत. भेडाघाटला राणी अल्हणदेवीने शिवमंदिर बांधवलं, त्या शिलालेखात संवत् 907, मार्गशीर्ष सुदी 11, रविवार अशी मिती आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेले फ्रान्झ कीलहॉर्न यांनी अशा मित्या पडताळून पाहिल्या. ही मिती 6 नोव्हेंबर 1155 ला बसते, आणि त्या दिवशी खरोखर रविवार होता. 907 मध्ये 248 मिळवा, जुळतं. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर 1896 मध्ये अशा पडताळणीसाठी कोष्टकंच छापून दिली. पुढे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी कलचुरी लेखांचा मोठा संग्रह 1955 मध्ये प्रसिद्ध केला. सुदीची मिती सोपी असते. बदीची आली की एक महिन्याच्या अंतराने दोन तारखा काढायच्या आणि वार, नक्षत्र दिलं असेल तर ते, कुठे बसतं ते पाहायचं. आमच्या वहीत वार नव्हता. अनुराधा होती म्हणून वाचलो.

परत आल्यावर काकांना सांगायला मला आठवडा लागला. वय 81, आणि इतक्या वर्षांचा नेम. कागदावर आकडेमोड मांडून दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माघ वद्य नवमी म्हणजे दासनवमी की रे! समर्थांच्या पुण्यतिथीला गेले आणि आम्हाला पत्ता नाही."

त्या वर्षी त्यांनी दासनवमीला श्राद्ध केलं. महिन्याने फाल्गुन वद्य नवमीला मी सहज डोकावलो, तर पुन्हा पान वाढलेलं. मी विचारलं, "काका, आता हे कशाला?"

"अरे, इतकी वर्षं याच दिवशी बोलावलंय त्यांना," काका म्हणाले. "सवयीने आले तर?"