बंदुकीची दारू आणि राहतं घर

नवरात्र तोंडावर आलंय. तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढं जी आतषबाजी होते, तिची तयारी आधीपासून चालते. औट, शिंगटे, झाडं, बरंचसं काम गावच्याच लोकांच्या हातचं. याच दिवसांत तिकडं पाटण-जावळीच्या डोंगरात भाताच्या लोंब्या भरतात, रानडुकरं शेतात उतरतात आणि पीक राखायला परवान्यावर घेतलेल्या ठासणीच्या बंदुका बाहेर निघतात. एकीकडं देवाची सेवा, दुसरीकडं पोटाची राखण. दोन्हीकडं वस्तू एकच, दारू. (बंदुकीची म्हणतोय. पिण्याच्या दारूवर लिहायला दुसरे पुष्कळ आहेत.)

ही दारू आपल्या भागात आजही बऱ्याच ठिकाणी राहत्या घरात सापडते. माळ्यावर, कणगीमागं, देवघराच्या फडताळात. आणि हे चूक आहे हे आपल्याला तीनशे वर्षांपूर्वी लिहून दिलेलं आहे.

लिहून देणारे रामचंद्रपंत अमात्य. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचं राज्य ज्यांनी सांभाळलं ते. 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यांवरच्या प्रकरणात दारूखान्याचा स्वतंत्र विचार आहे. दारूखाना वस्तीच्या घरांपासून लांब बांधायचा. तळघर करायचं, आत माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवायची, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. बाण, होके यांची जागा वेगळी. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन सगळा माल बाहेर काढायचा, ऊन द्यायचं आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचा. रात्रंदिवस पहारा, आणि परवानगीशिवाय जवळपास माणूस फिरकू द्यायचा नाही. झाडं तोडू नका हा आज्ञापत्रातला उतारा दरवर्षी पर्यावरण दिनाला आपल्या ग्रुपवर फिरतो. दारूखान्याचा उतारा कुणी फॉरवर्ड केलेला मी अजून बघितलेला नाही.

पंत हे उगाच लिहीत नव्हते. त्या पिढीनं दारूचा हिसका बघितला होता, आणि सगळ्यात मोठा बघितला तो साताऱ्यात. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेबानं अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. किल्ला हटेना, तेव्हा तरबियतखानानं तटाखाली सुरुंग खणले. एप्रिल 1700 मध्ये ते उडवले. पहिला बार आत झाला, तट कोसळून गडावरची माणसं गाडली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली सापडले, त्यांना उकरून जिवंत बाहेर काढलं. दुसरा बार मात्र बाहेरच्या बाजूला फुटला. हल्ल्यासाठी तटाला चिकटून उभ्या असलेल्या मुघल फौजेवरच तट आला. मेलेल्यांचा आकडा दोन हजारांच्या आसपास सांगतात. गड पुढं त्याच महिन्यात वाटाघाटीनं गेला, तो भाग वेगळा. पण बादशहाचा तोफखाना, पाहिजे तेवढा पैसा, हाताखाली कसबी माणसं, एवढं असून खानाला आपली दारू कुठल्या बाजूला फुटेल हे सांगता आलं नाही. आपण कोण लागून गेलो?

मग ही दारू पुन्हा घरात कशी शिरली? मला तीन कारणं दिसतात. पहिलं, सर्दी. आपल्याकडचा पाऊस आणि त्यात पाटण-कोयनेचा पाऊस. दारू ओली झाली की बार फुसका जातो. मग ती उबेला, म्हणजे चुलीजवळ ठेवायची. अमात्य उन्हात वाळवा म्हणतात, आपण विस्तवाशेजारी ठेवतो. दुसरं, चोरीची भीती.

तिसरं कारण सरकारी आहे, आणि त्यावर फार कुणी बोलत नाही. 1878 च्या हत्यारांच्या कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. 1884 चा स्फोटकांचा कायदा कारखाना आणि साठा यांच्याबद्दल होता, तो तसा समजूतदार. पण 30 एप्रिल 1908 ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि 8 जूनला घाईघाईनं स्फोटक पदार्थांचा कडक कायदा आला. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त टिळकांचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख. बॉम्बला मोठे कारखाने लागत नाहीत, त्यामुळे असल्या कायद्यानं तो थांबायचा नाही, असा त्यांचा एक मुद्दा होता. त्यांना मंडालेला सहा वर्षं मिळाली त्यात या लेखाचाही वाटा होता. टिळकांचं राजकारण बाजूला ठेवा. पण सरकारची नजर त्या दिवसापासून जी संशयितावर गेली ती तिथंच राहिली. दारू कुटणाऱ्याच्या हातांकडं आणि त्याच्या घरातल्या पोरांकडं ती वळली नाही. साहेबाच्या भीतीनं माणूस वस्तू लपवतो, आणि लपवायला घरासारखी जागा नाही.

आता भरण्याबद्दल. ठासणीची बंदूक असो की वापरलेलं रिकामं काडतूस घरी पुन्हा भरणं असो, चुका सगळीकडं त्याच होतात. 1863 मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून 27 हजारांवर बंदुका गोळा केल्या. त्यातल्या 24 हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या. निम्म्या बंदुकांत एकावर एक दोन बार होते, एकीत तर तेवीस. ही कवायत घोटून पाठ झालेले शिपाई होते. गडबडीत पहिला बार उडालाच नाही हे कळलं नाही आणि वर दुसरा ठासला. आपल्याकडं गेल्या मोसमात भरून ठेवलेली बंदूक यंदा रिकामी समजून पुन्हा ठासली जाते, ती हीच गोष्ट. काडतुसातही तेच. दारू दोनदा पडली तर नळी फाटते. कमी पडली किंवा पडलीच नाही तर गोळी नळीत अडकते, आणि पुढचा बार घेणाऱ्याच्या बोटांवर, डोळ्यांवर येतो. भरता भरता फोन आला, कुणी चहाला हाक मारली, एका बरणीतली दुसरीत ओतली, एवढं पुरतं.

आणखी एक सांगतो. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि काडतूस तयार करण्याचा वेगळा. 1959 च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम त्यावरच आहे. “परवाना आहे की आमच्याकडं” म्हणणाऱ्यांनी आपल्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते एकदा वाचावं.

मे 2015 मध्ये कवठे एकंदमधल्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. कामगार जागीच गेले. आपल्या भागातल्या लोकांना तो दिवस सांगायला नको. तेव्हा दोन टोकाची मतं निघाली होती, एक म्हणजे परंपराच बंद करा, आणि दुसरं म्हणजे आमच्या बापजाद्यांना काही झालं नाही. मला दोन्ही पटत नाहीत. बापजाद्यांच्या वेळी माल वेगळा होता. सोरा, गंधक, कोळसा यांच्यात आवाजासाठी आणि रंगासाठी पुढं नवी रसायनं आली, आणि ती जुन्या मालासारखी वागत नाहीत. क्लोरेट आणि गंधक एकत्र करायला 1992 पासून देशात बंदी आहे, कारण ते नुसत्या घासण्यानंही पेटतं. आजोबांचा तीस वर्षांचा अनुभव त्या पुडीला लागू होत नाही.

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. असल्या कारखान्यांची मांडणी कशी असते बघा: एक मोठी इमारत नाही, सुट्या सुट्या लहान खोल्या, मध्ये मातीचे बांध, एका खोलीत मोजकी माणसं आणि मोजकाच माल. अपघात होणारच नाही असं धरून तो आराखडा काढलेला नाही. झाला तर एका खोलीत थांबावा, म्हणून काढलाय. पंतांचा दारूखाना आणि हा आराखडा यांत मला तरी फरक दिसत नाही.

आपल्याकडं हे अवघड नाही. 2008 च्या स्फोटक नियमांत एका वेळी 15 किलोपर्यंत शोभेची दारू करण्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकतात. त्यावरचं काम नागपूरच्या पेसो कार्यालयाच्या अखत्यारीत जातं. ज्या गावांत दसऱ्याला, यात्रेला हे काम होतं, तिथं ग्रामपंचायतीनं वस्तीबाहेर गायरानात सुट्या शेड बांधाव्यात, परवाना मंडळांच्या नावानं काढावा आणि मंडळांनी पाळीनं तिथं बसावं. पोरांना आत सोडायचं नाही, मोबाईल-विडी बाहेर. आमदार-खासदारांचा निधी कमानींना मिळतो, तो चार शेडना मिळायला हरकत नसावी. डोंगरातल्या ठासणीवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला डुकरांनी खाल्लेल्या पिकाचा पंचनामा वेळेवर झाला आणि भरपाई हातात पडली, तर निम्म्या बंदुका माळ्यावरून खाली येणारच नाहीत.

दसऱ्याला अजून दिवस आहेत. ज्यांच्या घरात आत्ता या क्षणी पोतं किंवा बरणी आहे, त्यांनी ती स्वतः उचलायला, हलवायला किंवा ओतायला जाऊ नये. जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा 112 ला फोन करावा आणि पोरांना घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसावं. कायद्याची भीती वाटत असेल तर ओळखीच्या वकिलाला नाहीतर सरपंचाला बरोबर घ्या, पण ती वस्तू आज रात्री घरात नको.