हॅमिल्टन यांच्या निबंधाचे चुकलेले नाव

१९६४ साली ‘जर्नल ऑफ थिअरॉटिकल बायॉलॉजी’ या नियतकालिकात विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज अभ्यासकाचा एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. कामकरी मुंगी स्वतः प्रजनन न करता बहिणींच्या संगोपनात आयुष्य का घालवते, या डार्विनलाही छळणाऱ्या प्रश्नाचे गणिती उत्तर त्यात होते. निबंधाचे नाव ‘द जेनेटिकल एव्होल्यूशन ऑफ सोशल बिहेविअर’. पहिली काही वर्षे त्याचा उल्लेख फारसा कोणी केला नाही. पुढे १९७५ मध्ये एडवर्ड विल्सन यांचा ‘सोशिओबायॉलॉजी’ आणि १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स यांचा ‘द सेल्फिश जीन’ हे ग्रंथ आले आणि उल्लेखांची संख्या झपाट्याने वाढली. गंमत अशी, की विल्सन यांच्या संदर्भसूचीत निबंधाचे नाव चुकले होते. ‘एव्होल्यूशन’च्या जागी ‘थिअरी’ पडले होते. रोनाल्ड फिशर यांच्या १९३० च्या ‘द जेनेटिकल थिअरी ऑफ नॅचरल सिलेक्शन’ या ग्रंथाच्या नावाचा तो संस्कार असावा. ही चूक नंतरच्या अनेक निबंधांच्या सूचींत जशीच्या तशी आढळते. १९८० मध्ये जॉन सेगर आणि पॉल हार्वे यांनी तिच्याकडे लक्ष वेधले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती याच तर्काच्या बळावर. दोन पोथ्यांत एकच वेगळा अपपाठ सापडला, तर त्या एका मूळ पोथीवरून उतरल्या असाव्यात असे संपादक धरतो. लेखनिकाची चूकच त्याला पोथ्यांची वंशावळ सांगते. (उत्क्रांतीचा अभ्यासकही प्राण्यांची वंशावळ साधारण अशीच लावतो, हे जाता जाता.) ‘थिअरी’ लिहिणाऱ्या अनेकांसमोर सूची लिहिताना हॅमिल्टन यांचा निबंध नव्हता, दुसऱ्या कोणाची तरी सूची होती, एवढे यावरून दिसते. त्यांनी निबंध वाचलाच नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. वाचूनही सूची दुसऱ्याची उतरवण्याचा आळस आम्हां प्राध्यापकांना परका नाही. पण गणनेत असा प्रत्येक उल्लेख एकच भरतो.

ही गणना ज्यांनी शक्य केली, त्या यूजीन गारफिल्ड यांचा मूळ हेतू वेगळा होता. अमेरिकेतील वकील १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ ही सूची वापरत. जुना निकाल पुढच्या कोणत्या निकालांत मान्य झाला वा फिरवला गेला, हे तीत सापडे. तसेच साधन विज्ञानात हवे, असे गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले. एखाद्या निबंधावर पुढे कोणी आक्षेप घेतला का, हे वाचकाला कळावे आणि सदोष माहिती डोळे झाकून पुढे जाऊ नये, ही त्यांची अपेक्षा. १९६४ मध्ये, म्हणजे हॅमिल्टन यांच्या निबंधाच्याच वर्षी, त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाली. शोधण्याचे साधन मोजण्याचे साधन व्हायला फार काळ लागला नाही.

२००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला: ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक वीस. परिसरशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्रात त्याची तपासणी लगेच झाली. २००६ मध्ये मॅथ्यू सायमंड्स आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्रातील १६८ शास्त्रज्ञांचे प्रकाशित लेखन तपासले. स्त्रिया आणि पुरुष यांच्या निबंधसंख्येतील तफावत कारकीर्दीच्या अगदी आरंभी पडते आणि हर्श यांचा निर्देशांक स्त्रियांवर अन्याय करतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही याद्या थांबल्या नाहीत. २०१९ मध्ये जॉन आयोॲनिडिस आणि सहकाऱ्यांनी एक लाख शास्त्रज्ञांची क्षेत्रवार यादी काढली. स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख तीत वेगळे दाखवले आहेत, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. उतरवलेले उल्लेख मात्र कोणत्याही यादीला वेगळे करता येत नाहीत.

आमच्यापैकी एकाने एका हस्तलिखिताच्या संपादनात तीन वर्षे घालवली. पदोन्नतीच्या तक्त्यात ते काम कोठे लिहावे हे कोणालाच सांगता आले नाही. अखेर ‘इतर’ या रकान्यात गेले. तेव्हा आम्हांला माधव गाडगीळ आठवले. विल्यम बोसर्ट यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये ‘द अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये लिहिलेला, सजीवांच्या जीवनक्रमावरील निबंध आजही उल्लेखिला जातो आणि कोणत्याही गणनेत त्याला मान आहे. त्यांनी मराठीत केलेल्या विपुल लेखनाला त्या गणनेत जवळजवळ जागा नाही. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा पश्चिम घाटावरील २०११ चा अहवाल हाही शोधनिबंध नव्हे. त्या समितीच्या कामाच्या काळात सिंधुदुर्गातील काही ग्रामसभांनी आपले गाव संवेदनशील क्षेत्रात घ्यावे असे ठराव केले. केरळात २०१३ मध्ये संरक्षणाच्या शिफारशींविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, आणि २०१८ च्या महापुरानंतर तोच अहवाल तेथे पुन्हा काढून वाचला गेला.