पाण्याचे साक्षीदार

आमच्या मलकापूरकडची जुनी माणसं गावाची ओळख पाण्यावरून करून देत. अमक्या गावचं पाणी गोड, तमक्याचं मचूळ, आणि पूर्णेकडे उतरत गेलं की खारं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. विहिरीला गोडं पाणी आहे की नाही, हे विचारल्याशिवाय मुलगी देत नसत, असं माझी मोठी माय सांगायची. म्हणूनच आमच्या गावातल्या आबाजींनी सांगितलेली एका गोड्या विहिरीची हकिकत मला आजही अस्वस्थ करते.

त्या हकिकतीची सुरुवात मात्र औषधापासून होते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं दगावायची, असा सरकारी अंदाज होता. 1953 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पंप घेतलेली माणसं घरोघर येत, भिंतींवर डीडीटी फवारत आणि दारावर तारीख लिहून जात. 1965 पर्यंत हिवतापाचे रुग्ण लाखाच्या घरात आले. मोठ्या मायनं थंडीतापानं फणफणलेली घरं पाहिली होती. त्या पांढऱ्या पावडरीविषयी ती अखेरपर्यंत कृतज्ञतेनंच बोलली.

मग कपाशीवर फवारणी आली, तेव्हा तिच्याकडे संशयानं कोण पाहणार? 1970 साली एच-फोर हे संकरित वाण आलं. झाड भरदार, बोंडं मोठी, पण कीडही तेवढीच. गावच्या गोदामात बीएचसीची पोती आणि एंड्रिनचे डबे, म्हणजे कीटकनाशकं, येऊ लागली. आबाजी म्हणायचे, "ज्या दवाईनं हिवताप पयवला, ते पऱ्हाटीचं वाईट कायले करीन?" त्या काळी सगळ्या गावाचा हाच विचार होता. फवारणीचे पंप त्या गोड्या विहिरीच्या थारोळ्यावर धुतले जात. गळके डबे आणि ओली झालेली पोती गोदामामागच्या खड्ड्यात पुरली जात. एका पावसाळ्यात विहिरीत मासे आणि बेडकं मरून वर आली. गावानं ते पाणी एक हंगाम सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे पाणी उरलं नाही, तेव्हा पुन्हा त्याच विहिरीत दोर सोडले गेले. पाणी कुणी तपासलं नाही. पुढे खड्डा बुजला, त्यावर बाभळी उगवल्या.

एंड्रिन, डिल्ड्रिन, बीएचसी ही सगळी क्लोरीनयुक्त कुळातली रसायनं. ती पाण्यात फार विरघळत नाहीत, मातीला धरून राहतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. एंड्रिनचे अंश मातीत दहा-बारा वर्षांनंतरही सापडतात. त्यात आमची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी मातीतून गाळून न जाता त्या भेगांतून थेट खाली धावतं आणि वाटेतलं सगळं सोबत नेतं.

असंच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर, अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ घडलं. 1942 साली सैन्यानं तिथे रॉकी माउंटन आर्सेनल हा शस्त्रास्त्रांचा कारखाना उभारला. मस्टर्ड वायू आणि आगलावे बॉम्ब तिथे तयार होत. महायुद्ध संपल्यावर तिथल्या इमारती खासगी कंपन्यांना भाड्यानं दिल्या गेल्या आणि 1982 पर्यंत तिथे कीटकनाशकं बनत राहिली. एल्ड्रिन, डिल्ड्रिन आणि आबाजींच्या ओळखीचं एंड्रिनही. सांडपाणी उघड्या, अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं जायचं. 1954 साली उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली की विहिरीचं पाणी दिलेली पिकं करपताहेत. प्रयोगशाळांच्या आधी शेतकऱ्यांनी धोका ओळखला होता.

प्रत्यक्ष शुद्धीकरण सुरू व्हायला मात्र सत्तरच्या दशकाची अखेर उजाडली. आर्सेनलच्या उत्तर सीमेवर खालच्या खडकापर्यंत चर खणून त्यात माती आणि बेंटोनाइट चिकणमाती भरली, म्हणजे जमिनीखाली एक बांधच घातला. बांधाच्या अलीकडे विहिरी घेऊन पाणी उपसलं, ते सक्रिय कोळशाच्या टाक्यांतून नेलं आणि बांधाच्या पलीकडे पुन्हा जमिनीत सोडलं. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत विषाचे रेणू अडकतात. कोळसा भरला की तो बदलायचा आणि पुन्हा उपसायचं. या साऱ्या सफाईवर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. 2010 पर्यंत जमिनीवरचं काम पुरं झालं, आज तिथे अभयारण्यात बायसन चरतात. जमिनीखालच्या पाण्याचं शुद्धीकरण मात्र त्यानंतरही चालूच राहिलं. एका पिढीनं जमिनीत सोडलेलं विष पुढच्या पिढ्यांना असं उपसत बसावं लागतं.

आपल्या शेजारच्या भोपाळमध्येही कीटकनाशकांच्या कारखान्याच्या आवारात पडून असलेला 337 टन विषारी कचरा पिथमपूरला नेऊन जाळायला 2025 साल उजाडलं. तोवर आसपासच्या वस्त्यांच्या जमिनीत आणि भूजलात विष उतरून गेलं होतं.

आपल्याकडे एंड्रिनवर 1990 साली, बीएचसीवर 1997 साली बंदी आली. एंडोसल्फान 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. बंदीनं विक्री थांबते, पण आधीच पुरलेला डबा तिथेच राहतो. तो कुठे पुरला, याची नोंद सातबाऱ्यावर नसते. ती असते गोदामात हमाली केलेल्या, पाठीवर पंप वागवलेल्या, थारोळ्यावर डबे धुतलेल्या माणसांच्या आठवणीत. ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

कुठलीही सफाई उगम सापडल्याशिवाय सुरू होत नाही. डेन्व्हरला उगम शोधायला शेकडो विहिरी खोदाव्या लागल्या. आपल्याकडे तो दाखवायला माणसं अजून हयात आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीनं त्यांना शिवारात न्यावं, जुनी गोदामं, खड्डे, फवारणीचे पंप धुण्याच्या जागा विचाराव्यात आणि गावनकाशावर खुणा कराव्यात. त्या खुणांच्या उताराकडच्या विहिरींचं पाणी आधी कीटकनाशकांसाठी तपासून घ्यावं. नेहमीच्या तपासणीत क्षार आणि जंतू पाहतात, एंड्रिनसाठी वेगळी चाचणी मुद्दाम मागावी लागते. जिथे दोष सापडेल तिथे पिण्यासाठी दुसरं पाणी लगेच द्यावं, माती हलवण्याचं काम नंतर. आबाजींनी मला दाखवलेला खड्डा मी आमच्या गावच्या नकाशावर खूण करून ग्रामसेवकांकडे दिला आहे. ज्यांच्या घरी असं सांगणारं माणूस अजून आहे, त्यांनी या दिवाळीच्या आत त्याच्यासोबत शिवारात एक चक्कर मारावी.