औरंगाबाद मतदारसंघ : नाव आणि निर्णय

लोकसभा मतदारसंघाचा निकाल म्हणजे त्या नावाच्या शहराचा कौल, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती अभ्यासकांतही आढळते. औरंगाबादचा इतिहास या गृहीताला पुष्टी देत नाही.

येथील पहिल्या तीन निवडणुका तीन निरनिराळ्या राज्यांत झाल्या : १९५२ ची हैदराबाद राज्यात, १९५७ ची द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६२ ची महाराष्ट्रात. १९५७ मध्ये येथून काँग्रेसचे स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले, तर १९७७ मध्ये जनता पक्षाचे बापू काळदाते. नाव तेच राहिले. त्यामागील राजकीय चौकट मात्र पालटत गेली.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर या मतदारसंघात औरंगाबाद पूर्व, पश्चिम व मध्य यांच्या जोडीला कन्नड, गंगापूर व वैजापूर हे विभाग येतात. म्हणजे नाव शहराचे असले, तरी निर्णयात ग्रामीण तालुक्यांचाही वाटा असतो. २०१९ मध्ये एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२, तर शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५० मते मिळाली. अंतर अवघे ४,४९२. कन्नडमधून पूर्वी विधानसभेवर गेलेले अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २,८३,७९८ मते घेतली. पराभूत झालेल्या या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून कितीतरी अधिक होते. ब्रिटनच्या धर्तीवर स्वीकारलेल्या सर्वाधिक मतांच्या पद्धतीत असा निकाल पूर्णतः वैध ठरतो. परंतु त्यास संपूर्ण शहराचे मनोगत म्हणता येत नाही.

२०२३ मध्ये शहराचे नामांतर झाले. २०२४ ची लोकसभा निवडणूक मात्र ‘औरंगाबाद’ याच नावाने झाली. नाव आणि त्याने निर्देशिलेला समाज यांतील हे अंतर लक्षात घेऊनच निकालांचा अर्थ लावणे इष्ट होय.