सिकलसेल : पँथरचे नाव घेतले, रक्ततपासणी राहून गेली

१४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्याच्या आदल्याच दिवशी, १३ ऑक्टोबर १९५६ ला, इंग्लंडमधल्या 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाचा एक छोटा लेख आला. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनचा फक्त एक लहानसा तुकडा वेगळा असतो, हे त्याने त्यात दाखवले. पुढच्याच वर्षी त्याने नेमके सांगितले की जवळपास तीनशे अमिनो आम्लांमध्ये केवळ एक बदललेले असते.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण दीक्षाभूमीवर पांढऱ्या वस्त्रांत उभ्या असलेल्या त्या जनसागरात हा एका अमिनो आम्लाचा फरक रक्तात घेऊन आलेली माणसे होतीच. त्यांना ते कोणी सांगितलेले नव्हते. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्यांत महार समाजातील लोक होते. म्हणजे आपल्या रक्ताची बातमी लंडनला पोचली, पण वस्तीत पोचायला कित्येक दशके लागली.

मी मोरिवलीत काम करतो. इथल्या एमआयडीसीच्या आसऱ्याने विदर्भ-मराठवाड्यातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात राहतात. त्यातल्याच एका घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा कंत्राटी कामावर जायचा. थंडी पडली, तहान मारली किंवा जास्त ओझे उचलले की त्याचे सांधे आणि पाठ असे दुखायचे की तो ओरडायचा. मुकादम म्हणायचा कामचुकार आहे. एका दवाखान्यात वर्षानुवर्षे संधिवाताच्या गोळ्या दिल्या. म्हातारी म्हणाली, बाहेरचे आहे. शेवटी एका शिबिरात रक्त तपासले, तेव्हा कळले : एसएस पॅटर्न. मग आई-वडिलांचेही तपासले, दोघेही एएस, म्हणजे वाहक. आईने विचारले, "आमच्या कोणत्या चुकीमुळे?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

कोणाचीही चूक नाही. ज्या भागात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारत होता, त्या भागात सिकलसेलचा एक जनुक असलेली मुले हिवतापातून जास्त वाचली. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडले. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस आणि भारत, सगळीकडे हा जनुक सापडतो. त्यामुळे याला कुणी 'खालच्या जातीचा रोग' म्हणत असेल तर तो अडाणी तरी आहे किंवा मनुवादी तरी. एक जनुक असलेला वाहक सहसा धडधाकट असतो. आई-बाप दोघेही वाहक असले तरच प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मुलाला आजार होण्याची, ५० टक्के वाहक होण्याची आणि २५ टक्के पूर्ण मोकळे असण्याची. आजार झालेल्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग ती जीवघेणी कळ येते.

जनुक हिवतापाने वाढवला, पण तो एकाच घेरात कोंडून कोणी ठेवला? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की जातीचे मूळ लक्षण म्हणजे जातीतच लग्न. समाजशास्त्र शिकताना हा निबंध मी परीक्षेसाठी वाचला होता. त्याचा अर्थ त्या मुलाच्या रिपोर्टवर कळला. जातीतच लग्ने होत राहिली, त्यामुळे वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढत राहिली. जात फक्त पाणवठ्यावर आणि गावकुसावर नव्हती, ती रक्ताच्या हिशेबातही बसली.

आता पँथरकडे येऊ. १९६६ मध्ये अमेरिकेत ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. तिचे काळे कपडे आणि बंदुका सगळ्यांना आठवतात. पण या पक्षाने मोफत दवाखाने काढले आणि १९७१ पासून काळ्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद १९१० मध्ये झाली होती. साठ वर्षे सरकारने ढुंकून पाहिले नाही, म्हणून कार्यकर्त्यांनी बोटे टोचून रक्ताचे थेंब गोळा केले. १९७२ मध्ये अमेरिकेला सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा करावा लागला.

त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने ते नाव घेतले आणि व्यवस्थेला घाम फोडला. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. समोर गावोगावचे अत्याचार होते, दुष्काळ होता, पोरांच्या हातात काम नव्हते. पण इतिहास प्रामाणिकपणे वाचायचा तर हेही म्हटले पाहिजे : ज्या पक्षाचे नाव आपण घेतले, तो ज्या आजारावर काम करत होता, तोच आजार आपल्या रक्तात होता. त्याची नोंद चौदा वर्षे आधी छापलेली होती. आणि आपल्याला ते माहीत नव्हते. नाव आले, आवेश आला, बोट टोचणारी सुई राहून गेली.

ती सुई पुढे उचलणारेही झाले. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी उभी करून आयुष्यभर रुग्णांसाठी पाठपुरावा केला. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. पण कायदा नीट वाचा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणात या रुग्णांना जागा आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत. शिक म्हणायचे आणि नोकरीच्या दारात थांबवायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

उपचारांचे काय? हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी कॅप्सूल आहे. कळांचे प्रमाण ती जवळपास निम्म्यावर आणते, हे १९९५ मध्येच सिद्ध झाले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती रोज घ्यावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने 'कॅसगेव्ही' या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यांत बदल करून परत देतात. तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये होती. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत स्वदेशी उपचारावर काम चालू आहे. त्याला बिरसा मुंडांचे नाव दिले आहे. नाव बिरसाचे आणि बिल धनदांडग्यांना परवडणारे, असे होऊ नये यासाठी आत्तापासून बोलावे लागेल.

१ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर केली : ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी. लक्ष्य आदिवासी भागांचे आहे आणि ते योग्यच आहे. पण विदर्भातून मोरिवलीत आलेला बौद्ध कामगार या नकाशात कुठे बसतो? तो आदिवासी भागात राहत नाही, आणि इथल्या डॉक्टरच्या डोक्यात सिकलसेल येत नाही. आजार माणसाबरोबर रेल्वेने येतो, योजना मात्र गावीच राहते.

शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांच्या मुलालाही आजार होऊ शकतो. म्हणून जातीबाहेर लग्न करा, जरूर करा, पण तपासून करा. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत थॅलेसेमिया कळत नाही, वाहक की रुग्ण हेही कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी मागा.

आणि एक धोका. अमेरिकेत काही राज्यांनी तपासणीची सक्ती केली, तेव्हा धडधाकट वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. आपल्याकडे ही वेळ आधी मुलींवर येईल. रिपोर्ट हा नवा जातीचा दाखला होता कामा नये. तपासणी स्वेच्छेची, रिपोर्ट गुप्त, आणि मुलाचीही तपासणी मुलीइतकीच आवश्यक.

मित्रांनो, १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिरे घेतोच. त्याच मंडपात, त्याच विहारात आणखी एक टेबल लावा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात कितीतरी रक्ततपासण्या होतील. त्या आईला मी सांगितले, "चूक तुमची नाही, आई. सांगायचे काम आमचे होते, ते उशिरा झाले." पुढच्या आईला हे ऐकावे लागू नये.

जयभीम!