दारावरची तारीख

पाथरीत उभे राहून समुद्राच्या तळाविषयी बोलावे, हे श्रोत्यांस विपरीत वाटेल. परंतु आपल्या तालुक्याच्या दक्षिणेने गोदावरी वाहते. ढालेगावच्या बंधाऱ्यावर पाणी अडले, तरी पुरात माती पुढे जातेच. आणि नदी शेवटी बंगालच्या उपसागरास मिळते.

आमच्या लहानपणी मलेरियावाले येत, भिंतींवर डी. डी. टी. मारीत आणि दाराशी तारीख लिहून जात. त्या पांढऱ्या डागांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली मोहीम निघाली आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या घरात आली. या द्रव्याचा कीटकनाशक गुण ओळखणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगाच नव्हे.

पुढे हेच औषध शेतात शिरले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चरबीत विरघळते आणि बारीक मातीला चिकटते. मातीबरोबर ते नदीत व नदीतून समुद्रात जाते, तळाच्या गाळात वर्षानुवर्षे टिकते आणि गाळातल्या किड्यांतून माशांत चढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८७-८८ मध्ये अरबी समुद्राच्या व बंगालच्या उपसागराच्या गाळातील त्याचे अंश मोजून प्रसिद्ध केले. १९८९ साली शेतीतील वापरास आपल्याकडे बंदी झाली. बी. एच. सी. १९९७ मध्ये बंद झाले, तर २००१ मध्ये स्टॉकहोमचा जागतिक करार झाला. बंदी एका दिवसात होते. गाळ मात्र इतक्या लवकर निवळत नाही.

औषधांची नावे बदलली, पाठीवरचा पंप तोच राहिला. संघटनेच्या कामात आम्ही कपाशीच्या बांधावर उघड्या हातांनी औषध कालवणारे मजूर पाहिले. हातमोजे मागितले, तर एका मालकाने हसून टाळले. मजुराची हजेरी वहीत मांडली जाते. त्याने कोणते औषध किती दिवस मारले, हे कोणी लिहीत नाही.

घरावर कधी फवारले, याची तारीख सरकार दाराशी लिहीत होते. समुद्राच्या गाळाचीही मोजणी झाली. मग मधल्या माणसाचीच नोंद का नसावी? औषधाचे नाव व फवारणीचे दिवस हजेरीपुढे लिहावेत, एवढीच आमची मागणी आहे. त्याला फार तर एक जादा रकाना लागेल. तो यंदाच्या कपाशीपासून आखला जावा, यासाठी पाथरीकरांनी आमच्यासोबत उभे राहावे, ही विनंती.